'मांगं पाय!' असं ओरडणारे गृहस्थ आमचेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रव्यवहारात एका गृहस्थांचं पत्र आलं आहे. झाशी राणी चौकाजवळच्या एका सभागृहात 'शर्ली व्हॅलेंटाइन' हा ब्रिटिश चित्रपट दाखवला, त्या वेळी प्रेक्षक कसे वागले याबद्दल ते पत्र आहे. त्यांचं म्हणणं असं, की नागपूरच्या प्रेक्षकाला कुठे हसावं ते कळत नाही. बायका नवऱ्याच्या फजितीवर फिदीफिदी हसत होत्या. हा सिनेमा घरं मोडायला शिकवतो. आणि शेवटच्या, सगळ्यात हळव्या क्षणी एक वयस्क गृहस्थ बाजारात ओरडावं तसे ओरडले नि सगळा रसभंग झाला.

ते वयस्क गृहस्थ म्हणजे माझे यजमान. तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून बसले होते. मी त्यांच्या डाव्या हाताला, कारण उजवा कान गेलेला आहे. चौतीस वर्षं वीज केंद्रात टर्बाइनच्या आवाजात काढली. त्यामुळे ते कुजबुजले तरी चार घरांना ऐकू जातं. ओरडले हे खरं आहे. त्याबद्दल माफी मागावी म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं. माफी दोन ओळींत आटोपली आणि बाकी बरंच उरलं, तेच लिहिते आहे. लांबलं तर आपण कापालच.

माझ्याबद्दल एवढंच, की मी अभ्यंकरनगरात राहते, वय ६४, आणि १९८९ ते २०११ अशी बावीस वर्षं घरून डबे दिले. बहुतेक मुलं व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजची, ज्याला आता व्हीएनआयटी म्हणतात. एका वेळी जास्तीत जास्त सव्वीस डबे. इंग्रजी सिनेमातलं मला फार कळतं असा दावा नाही. पण जेवायला बसलेल्या माणसापुढे ठरल्यापेक्षा वेगळं काही आलं की त्याचं तोंड कसं होतं, यातलं मला कळतं. आणि हा सिनेमा निम्मा तरी त्यावरच आहे.

हे खरं तर यायलाच तयार नव्हते. "इंग्रजी बायकाईचा सिनेमा, म्या काय करू तिथं?" नातीने तोड काढली. "आजोबा, याच दिग्दर्शकाने तीन बाँडपट केलेत." खोटं नाही. लुइस गिल्बर्ट. त्यातला 'मूनरेकर' ह्यांनी तरुणपणी सदरच्या टॉकीजमध्ये दोनदा पाहिला होता आणि त्यातलं केबलकारवरचं भांडण अजून हातवारे करून सांगतात. तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पाऊण तासापर्यंत ह्यांना वाटत होतं, आता काहीतरी फुटेल. फुटलं ते अंड्याचं बलक.

आयोजकांनी मराठीत एक पानी माहिती वाटली होती. ती चांगली होती, हे आधी सांगते, कारण पुढे त्यांच्याबद्दल तक्रार आहे. मूळ नाटक विली रसेल यांचं, १९८६ साली लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात पहिल्यांदा झालं. रंगमंचावर एकच बाई. बेचाळीस वर्षांची, पोरं मोठी झालेली, आणि स्वयंपाक करता करता भिंतीशी बोलणारी. नवरा, शेजारीण, मैत्रीण, मुलगी, पुढे ग्रीसमधला हॉटेलवाला, सगळे तिच्याच तोंडून. पॉलिन कॉलिन्स यांनी ते लंडनला केलं, मग न्यूयॉर्कला केलं, तिथे टोनी पुरस्कार मिळाला, आणि १९८९ च्या सिनेमातही त्याच. ऑस्करचं नामांकन होतं. पण बाहुली त्या वर्षी जेसिका टँडी यांना 'ड्रायव्हिंग मिस डेझी'साठी गेली, आणि गंमत म्हणजे तोही नाटकावरूनच काढलेला सिनेमा होता.

वाचता वाचता मला आपलं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवलं. लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न माणसं उभी करायचे. मी पाहिलं तेव्हा थोरली पोटात होती आणि हसून हसून पोट दुखलं तशी सासूबाई घाबरल्या होत्या. देशपांडे थांबायचे. हशा आला की पुढचं वाक्य तोंडात धरून ठेवायचे, खांद्यावरचं उपरणं जरा सारखं करायचे, हशा ओसरू द्यायचे, मग पुढे. नाटकवाले याला लाफ्टर घेणं म्हणतात. सिनेमातली शर्ली कशी थांबेल? तिने १९८९ मध्येच बोलून ठेवलंय. आपण हसत बसलो तर तिची पुढची दोन वाक्यं गेलीच.

त्यात ती लिव्हरपूलकडचं इंग्रजी बोलते. शाळेत शिकलेल्या इंग्रजीला ते लागत नाही. खाली अक्षरं इंग्रजीतच. त्यामुळे आमच्या सभागृहात प्रत्येक विनोदाला तीन हप्त्यांत हसू येत होतं. अक्षरं भरभर वाचणारे आधी हसत. ऐकून समजणारे मग. आणि शेवटी, सुनेने किंवा नातीने कानात सांगितल्यावर, सासवा आणि आज्या. हा तिसरा हप्ता येईपर्यंत पडद्यावर शर्ली भलतंच काही दुःखाचं बोलत असायची. पत्रलेखकांना जे भलत्या जागी हसणं वाटलं, त्यातलं बरंचसं हे मागच्या विनोदाचं उधारीचं हसू होतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण माझ्या मागच्याच रांगेत एक आजी होत्या आणि त्यांची सून मला अख्खा सिनेमा फुकटात मराठीत ऐकवत होती.

आता नवऱ्याच्या फजितीचं.

शर्लीच्या घरी वार ठरलेले आहेत. मंगळवारी अंडं आणि तळलेल्या बटाट्याच्या फोडी, गुरुवारी स्टेक. शेजारीण शाकाहारी, इतकी की आपल्या दांडग्या ब्लडहाऊंड कुत्र्यालाही तिने शाकाहारी करून ठेवलंय. तो कुत्रा थोडा वेळ शर्लीच्या ताब्यात येतो. तिला त्याची कीव येते आणि गुरुवारचं मांस ती त्याच्यापुढे टाकते. मग नवऱ्याला काय? तर मंगळवारचं ताट.

पहिला मोठा हशा इथे आला, आणि तो कशावर आला ते ऐका. 'गुरुवारी स्टेक' म्हटल्याबरोबर मागच्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "अवो माय, गुरुवारी?" आमच्याकडे निम्म्या घरांत गुरुवार म्हणजे गजानन महाराजांचा वार. त्या दिवशी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. भिशीच्या अकरा जणी एका रांगेत बसल्या होत्या, त्या सगळ्या त्यावर फुटल्या. त्यात शाकाहारी कुत्रा! आमच्या गल्लीत तसा एक आहे, दहीभात खातो आणि रात्री उकिरड्यावर जातो. हसू वाराचं होतं, कुत्र्याचं होतं. नवऱ्याचा त्यात काहीच संबंध नव्हता.

मी मात्र हसले नाही. माझ्या डब्यालाही वार होते. सोमवारी मुगाची उसळ, बुधवारी झुणका, शनिवारी कढी-खिचडी, आणि रविवारी पाटवडीचा रस्सा. पोरं आठवडाभर त्या रश्श्यावर डोळा ठेवून असायची. एकदा रविवारी सकाळी सासूबाईंना चक्कर आली, दवाखान्यात धावपळ झाली, आणि मी सव्वीस डब्यांत साधी मुगाची खिचडी भरून पाठवली. लोणचं दिलं, पापड दिला. संध्याकाळी डबे परत आले त्यातल्या एकात वहीच्या कागदाची चिठ्ठी होती. 'काकू, आज रविवार आहे.' बस, एवढंच. ना राग, ना शिवी. त्या पोराला खरोखरच वाटलं होतं की काकू वार विसरल्या. चांगला मुलगा होता. आता पुण्याला मोठ्या पगारावर आहे, दर दिवाळीला न चुकता फोन करतो.

सिनेमातला शर्लीचा नवरा, त्याचं नाव जो, हेच म्हणतो, की आज गुरुवार आहे. म्हणून मला जो राक्षस वाटला नाही, आणि आमच्या रांगेतल्या कुणाला वाटला असेल असंही मला वाटत नाही. बर्नार्ड हिल नावाच्या नटाने तो केलाय आणि छान केलाय. दमून घरी आलेला, वाराप्रमाणे जेवणारा माणूस. असे आपण पाहिलेत. असे आपण वाढलेत.

मग तो ताट ढकलतो आणि अंडं-बटाटे शर्लीच्या मांडीवर पडतात.

तिथे बायका हसल्या नाहीत, हे पत्रलेखकांनी नीट ऐकलं नाही. मागून दोन पुरुष हसले. ताट पडलं म्हणजे विनोद झाला, एवढा त्यांचा हिशेब. सेकंदभरात त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या सभागृहात आपण दोघंच हसतोय, आणि त्यांनी ते हसू खोकल्यात घातलं. भिशीच्या रांगेत एकीने नुसता पदर मांडीवरून सारखा केला. तिच्या मांडीवर काही पडलं नव्हतं.

भिंतीबद्दलही सांगायला हवं. शर्ली वाइनचा पेला हातात घेऊन भिंतीशी बोलते आणि बोलता बोलता एकदम आपल्याकडे वळते, थेट डोळ्यांत पाहते. नाटकात भिंतीच्या जागी प्रेक्षकच असणार, तिथे हे सोपं गेलं असेल. पडद्यावरची बाई अशी वळून पाहते तेव्हा आधी चमकायला होतं. ह्यांनी तर पहिल्यांदा ती वळली तेव्हा मागे पाहिलं, कोणाशी बोलते म्हणून.

माझ्या स्वयंपाकघराची भिंत बोलायच्या कामाची नव्हती, लिहायच्या होती. ओट्याच्या डाव्या अंगाला, कालनिर्णयच्या खाली, मी शिसपेन्सिलीने डब्यांचा हिशेब लिहायची. नाव, तारीख, खाडे, जमा, बाकी. कणकेच्या हाताने वही कोण उघडणार? २००३ च्या दिवाळीआधी चार दिवस मी माहेरी, आर्वीला गेले होते. ह्यांनी मला खूश करावं म्हणून त्या चार दिवसांत स्वयंपाकघराला रंग देऊन घेतला. पिस्ता. मी दारातून आत आले तर हे कौतुकाने उभे, आणि माझा तीन महिन्यांचा हिशेब पिस्त्याच्या खाली. मी मटकन बसले. ह्यांना वाटलं आनंदाने. नंतर पोरांना सांगितलं तर प्रत्येकाने आपापली बाकी आठवून आणून दिली. एकाची तर मी धरली होती त्यापेक्षा चाळीस रुपये जास्त निघाली. नुकसान असं काही झालं नाही. पण त्या भिंतीवर नावंही होती, कोणाला तिखट चालत नाही, कोणाची परीक्षा कधी, ते सगळं होतं. म्हणून शर्ली भिंतीकडे पाहून बोलायला लागली आणि आजूबाजूला लोक 'येडी झाली का ही' म्हणून हसले, तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पडद्याकडे पाहत होते.

शाळेचा एक प्रसंग आहे. माणसाने लावलेला सगळ्यात मोठा शोध कोणता, असं हेडबाई विचारतात. हुशार मुली काहीबाही सांगतात. मागे बसणारी शर्ली हात वर करकरून शेवटी सांगते, चाक. उत्तर बरोबर असतं, आणि बाई म्हणतात, तुला कोणीतरी सांगितलं असणार. यावर कोणीच हसलं नाही. पुढच्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, सभागृहातल्या बऱ्याच जणांना त्यांनी शिकवलंय. त्यांनी चष्मा काढून पुसला. बाकी त्यांच्या मनात काय आलं ते त्यांना माहीत.

ब्रिटिश सिनेमाला मध्यंतर नसतं, पण आपल्याला चहा लागतो, म्हणून आयोजकांनी मैत्रिणीने दिलेलं ग्रीसचं तिकीट शर्लीच्या हाती असताना, ती जाते की नाही अशा टोकावर दिवे लावले. बाहेर चहा आणि आलूबोंडे. तिथे खरी चर्चा झाली. एक गृहस्थ म्हणाले, "हिले काय कमी हाय? घर हाय, पोरं मोठे झाले, नवरा दारू पीत नाई." त्यावर भिशीतली एक म्हणाली, "दारू तं थेच पिऊन राह्यली." एवढा मोठा हशा सिनेमातसुद्धा आला नाही. पत्रलेखक त्या घोळक्यात होते की नाही माहीत नाही. असते तर त्यांना कळलं असतं, की बायका शर्लीच्या बाजूने आणि पुरुष जोच्या बाजूने अशी सरळ वाटणी नव्हतीच. दोघी-तिघी चांगल्याच रागावल्या होत्या तिच्यावर. एकीचं म्हणणं, जायचं तर जा, पण फ्रीजमध्ये चार दिवसांचं करून ठेवून जा. शर्लीने ठेवलंय, असं दुसरीने सांगितलं, आणि मग तिने नेमकं काय काय करून ठेवलंय यावर दहा मिनिटं गेली.

आता तक्रार. मध्यंतरानंतर ग्रीसचा भाग आहे. तिथला हॉटेलवाला कोस्तास शर्लीला होडीतून समुद्रात नेतो आणि दोघं कपडे काढून पोहतात. प्रोजेक्टरवर बसलेल्या मुलाला कोणीतरी सांगून ठेवलं असावं. त्याने भिंगासमोर स्वतःचा हात धरला. निळ्याशार समुद्रावर पाच काळी बोटं! अंगठ्याजवळच्या फटीतून थोडं आकाश दिसत होतं. सभागृह हसून लोटपोट झालं, आणि पत्रलेखकांनी ज्या 'थिल्लर हास्यकल्लोळा'बद्दल लिहिलंय तो हाच. तो कल्लोळ सिनेमाने केला नाही, बोटांनी केला. त्या बिचाऱ्या पोराचाही दोष नाही. हात भाजेपर्यंत धरून बसला होता.

नुकसान काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी नातीच्या फोनवर तो भाग पाहिला तेव्हा कळलं. होडीवरच्या त्या भागात कोस्तास शर्लीच्या पोटावरचे बाळंतपणाचे वळ पाहतो आणि म्हणतो, हे लपवू नकोस, हे तू जगल्याच्या खुणा आहेत. शर्ली लगेच आपल्याकडे वळते आणि पुरुष काय एकेक फेकतात, अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. म्हणजे तिला गोडही वाटतंय आणि तो थापा मारतोय हेही तिला पक्कं ठाऊक आहे. दोन्ही एकाच वेळी. पुढे तर ती परत येते तेव्हा तो दुसऱ्या बाईला तीच टेप वाजवून ऐकवत असतो, आणि तिला धक्का बसत नाही. तिला नोकरी हवी असते, ती मागते. सभागृहात आम्ही साठ-सत्तर बायका तरी असू, बहुतेक जणींना लेकरं झालेली. ज्यांच्यासाठी ते वाक्य होतं, त्यांच्याच वाट्याला बोटं आली. पुढच्या वेळी दाखवायचं नसेल तर तो सिनेमाच ठेवू नका. पण ठेवलात तर हात खिशात ठेवा.

घरं मोडण्याबद्दल मी फार लिहीत नाही. शर्लीने घर मोडलेलं मला तरी कुठे दिसलं नाही. विमानतळावर बॅग पट्ट्यावर गेली आणि ती उलटी फिरली, एवढंच केलं तिने. तिथे ह्यांना अखेर बाँडपटाचं समाधान मिळालं. "पळ! पळ!" असं पुटपुटत होते. पुटपुटणं म्हणजे ह्यांचं पुटपुटणं. तेही पत्रलेखकांनी ऐकलं असेलच.

आणि मग तो शेवट. शर्ली परत येत नाही म्हटल्यावर जो स्वतःच बेटावर येतो, बॅग घेऊन. ती समुद्राकाठी टेबल मांडून बसलेली असते. काळा चष्मा, ऊन खाल्लेला चेहरा. जो वाटेने येतो, तिच्याकडे पाहतो, आणि पुढे निघून जातो. ओळखतच नाही. सगळं सभागृह शांत. आणि त्या शांततेत आमचे हे, "अबे, मांगं पाय ना! थेच तं हाय तुही बायको!"

हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. पडद्यावर तोवर शर्लीने जोला हाक मारली होती आणि आमच्या हशात ती हाक कोणाला ऐकू आली नाही. याचीच माफी मागायची होती. पत्रलेखक म्हणतात तो रसभंग हाच, आणि तो झाला, हे मान्य.

पण एक लक्षात घ्या. ह्यांना इंग्रजी कामापुरतंच येतं आणि लिव्हरपूलचं तर मुळीच नाही. मोतीबिंदूमुळे खालची अक्षरं दिसत नाहीत. कान एक. पावणेदोन तास हा माणूस फक्त चेहरे पाहत बसला होता. बेटावर जाऊन रंग बदललेला, चष्मा लावलेला तो चेहरा ह्यांनी पहिल्या फटक्यात ओळखला, आणि तिच्या नवऱ्याला ओळखता येईना म्हणून ह्यांच्याने राहवलं नाही. याहून जास्त सिनेमा कसा समजतात ते मला माहीत नाही. शिवाय माहितीपत्रकात लिहिलं होतं, की मूळ नाटकात जो रंगमंचावर येतच नाही, ती त्याची वाट पाहत बसलेली असताना पडदा पडतो. म्हणजे नाटकाला गेलो असतो तर हे ओरडलेच नसते.

आपल्याकडे ओरडणं नवीन आहे का? दारव्हेकर मास्तरांचं 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, आपल्या नागपूरच्याच माणसाचं. २०१५ मध्ये त्याचा सिनेमा आला तेव्हा मल्टिप्लेक्समध्ये लोक पडद्यावरच्या गाण्याला 'क्या बात है' म्हणत होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर मांडीवर ताल धरला होता, स्वतःच्या आणि चुकून एकदा माझ्याही. गवय्याला ऐकू जात नव्हतंच. तेव्हा कोणी रसभंग झाल्याचं पत्र धाडलं नाही, उलट रसिकता म्हणून कौतुक झालं. गाण्याला दाद दिली तर रसिक, आणि हरवलेल्या नवऱ्याला रस्ता दाखवला तर अडाणी?

हशा ओसरल्यावर मात्र कोणी हललं नाही. पडद्यावर ती दोघं टेबलाशी, मागे समुद्र, उतरतं ऊन. नावं सुरू झाली तरी लोक बसून होते. दिवे लावणारा मुलगा पोळलेला हात पाण्याखाली धरायला गेला होता म्हणे, त्यामुळे चांगला दोन-तीन मिनिटं अंधार राहिला. भिशीच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. पत्रलेखक तोवर निघून गेले असावेत, कारण त्यांच्या पत्रात याबद्दल काही नाही.

परतताना मेट्रोत बसलो. डब्यात गर्दी होती, कशीबशी जागा मिळाली. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं स्टेशन गेल्यावर ह्यांनी मोठ्याने विचारलं, "थ्या हॉटेलात तिले पगार किती असन?" समोरच्या बाकावरची कॉलेजची पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण नेमका तोच प्रश्न मला पडला होता. सूर्यास्त, वाइन, होडी, सगळं ठीक आहे, पण पगार ठरला होता की नुसतं जेवून-खाऊन? सिनेमात ते कोणी सांगत नाही. बावीस वर्षं डब्यांचे पैसे मी स्टीलच्या डब्यात टाकले आणि त्यातूनच काढले, गॅस, किराणा, थोरलीची फी, ह्यांच्या स्कूटरचा टायर. त्यातला माझा पगार किती, हे मी लावलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

"तुम्ही मला कधी विचारलं नाही ते," मी म्हटलं.

"काय?" हे म्हणाले.

घाईत मी उजव्या बाजूला बसले होते. पुन्हा सांगायचं तर अख्ख्या डब्याला ऐकवावं लागलं असतं. तोवर एलएडी चौक आला आणि आम्ही उतरलो.

आयोजकांना दोन विनंत्या. खालची अक्षरं मराठीत देता आली तर द्या, म्हणजे सगळे एका वेळी हसतील. आणि मध्यंतर ठेवायचंच असेल तर आलूबोंड्यांत मीठ बघून घाला. पत्रलेखकांना सांगणं एवढंच, की पुढच्या खेळालाही आम्ही दोघं येणार आहोत, तिसऱ्याच रांगेत, मधल्या वाटेला लागून. त्यांना त्रास नको म्हणून आधी कळवलं. ह्यांच्या डाव्या हाताची जागा माझी आहे. उजवीकडे वाट आहे, त्या बाजूने कितीही बोललात तरी ह्यांना ऐकू जाणार नाही.

आपली,
एक वाचक
(हे म्हणतात नाव छापू नका)
अभ्यंकरनगर, नागपूर